लग्नाच्या एडिटिंगला दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती: घाई कुठे चालते, कुठे नाही

तुळशीचं लग्न झालं की बेळगाव, खानापूर, निपाणीकडची कार्यालयं भरतात आणि एडिटरच्या टेबलावर हार्ड डिस्कचा ढीग लागतो. पार्टीचे फोन सुरू होतात, "व्हिडिओ कधी देताय?" अशा हंगामात रिझॉल्व्ह या व्हिडिओ एडिटिंग सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती दोन कॅमेऱ्यांच्या लग्नाला पुरते. अट एकच, कॅमेऱ्याचं सेटिंग आधी जुळवलेलं हवं.

10 बिट 4:2:2 (रंगाची जास्त माहिती साठवणारं सेटिंग) एच.264 क्लिप विंडोजवरच्या मोफत आवृत्तीत उघडत नाहीत. आवाज येतो, चित्राच्या जागी 'मीडिया ऑफलाइन'. डीएनएक्सएचआर एचक्यूएक्स या एडिटिंगच्या फॉरमॅटमध्ये बदलून घेता येतात, पण 4के फुटेज तासाला 300 जीबीच्या वर जातं आणि एक दिवस त्यातच संपतो. त्यापेक्षा शूटलाच 8 बिट 4:2:0 ठेवा. टाइमलाइन आधीच सेकंदाला 25 फ्रेमवर ठरवा, क्लिप आत घेतल्यावर प्रोजेक्टचा फ्रेम रेट बदलत नाही. पाहुण्यांच्या मोबाइलचे व्हिडिओ हँडब्रेक या मोफत कन्व्हर्टरमधून कॉन्स्टंट (न बदलणाऱ्या) फ्रेम रेटचे करून घ्या, नाहीतर आवाज हळूहळू ओठांपासून सुटतो.

वेळ खरा वाचतो तो प्रॉक्सीत, म्हणजे एडिटिंगपुरत्या हलक्या कॉपींत. 100 एमबीपीएसचं फुटेज तासाला 45 जीबी होतं. रिझॉल्व्हसोबतच्या प्रॉक्सी जनरेटरला फोल्डर दाखवून रात्री लावून ठेवलं की सकाळी साधा पीसीसुद्धा अडखळत नाही. मल्टिकॅम (अनेक कॅमेऱ्यांचं फुटेज एकत्र) आवाजावरून जुळतो, तेही उत्तम. पण मागच्या भिंतीजवळचा कॅमेरा स्टेजवरच्या स्पीकरपासून 34 मीटरवर असेल, तर त्याला आवाज एक दशांश सेकंद, म्हणजे अडीच फ्रेम उशिरा मिळतो. सॉफ्टवेअर आवाज जुळवतं आणि चित्र तेवढं आधी दिसतं. हा कॅमेरा हातानेच दोन-तीन फ्रेम सरकवावा लागतो.

अक्षतांच्या क्षणी मात्र अजिबात घाई नको. शेवटचं "सावधान", अंतरपाट खाली, अक्षतांचा पाऊस आणि त्याच सेकंदाला वाजंत्री. मंगलाष्टकांच्या आवाजावर लेव्हल लावलेली असते, म्हणून नेमका इथे ऑडिओ फाटतो, आणि फाटलेला आवाज कुठल्याही प्लगइनने पूर्ण नीट होत नाही. रेकॉर्डरवर मंगलाष्टकं उणे 18 डीबीच्या आसपास ठेवा आणि दुसरा ट्रॅक आणखी खाली. अंतरपाट सरकताना शॉट कापू नका. नवरा-नवरीची पहिली नजर तिथेच असते.

अंधाऱ्या रिसेप्शनला मोफत आवृत्ती कमी पडते. चित्रातले दाणे काढणारं नॉइज रिडक्शन फक्त 'स्टुडिओ' या विकतच्या आवृत्तीत आहे, मोफतमध्ये लावलं तर वॉटरमार्क येतो. स्टुडिओची किंमत 295 डॉलर, एकदाच. महिन्याला चार लग्नं करणाऱ्याने ती घ्यावीच. घेतल्यावरही नॉइज रिडक्शन एडिट पूर्ण झाल्यावर आणि निवडक क्लिपनाच लावा, नाहीतर रेंडर रात्रभर चालतो.

इकडच्या बऱ्याच पार्ट्यांना नावं मराठी आणि कन्नड दोन्हीत हवी असतात. टायटलमध्ये जोडाक्षरं फुटलेली दिसली तर नावं बाहेर तयार करून पारदर्शक पीएनजी आणा, आणि कन्नड ओळ कन्नड वाचणाऱ्याकडून तपासूनच एक्स्पोर्टला लावा.