हिप्नोथेरपीचं पॅकेज आणि माझे १,००,४४२ रुपये

आकडा आधीच सांगून टाकते. एक लाख चारशे बेचाळीस. सासूबाईंना अजून अर्धाच आकडा माहीत आहे, तेव्हा आमच्या नात्यातलं कोणी वाचत असेल तर कृपया तोंड बंद ठेवा.

आणि दुसरं, मी कुठल्या भोंदूबाबाकडे गेले नव्हते, हिप्नोथेरपीने, म्हणजे संमोहनाने, सवयी बदलून देतो म्हणणाऱ्या सेंटरला गेले होते. अंगारा नाही, लिंबू नाही, गंडा नाही. ठाण्यात घोडबंदर रोडला टॉवरच्या खाली काचेचं ऑफिस, आत एसी, भिंतीवर फ्रेम केलेली सर्टिफिकेटं, रिसेप्शनला ग्रीन टी. मी बी.कॉम. आहे, वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत अकाउंट्स बघते, दुसऱ्यांची बिलं तपासणं हाच माझा धंदा. तरी फसले. म्हणून ज्यांना वाटतंय "आपण नाही बाई फसणार", त्यांनी जास्त नीट वाचा.

शुगर काठावर आली होती. डॉक्टर म्हणाले रोज चाला, रात्रीचं जागरण बंद करा. उपवन तलाव घरापासून दहा मिनिटांवर, पण सकाळी उठवतच नव्हतं, कारण रात्री एक वाजेपर्यंत हातात फोन. त्याच फोनवर जाहिरात आली: "तुमची इच्छाशक्ती कमी नाही, तुमचं सबकॉन्शस प्रोग्रॅमिंग चुकलंय." डेमो सेशन फक्त ४९९. बरं वाटलं वाचून. आळशी म्हणणारे घरात पुष्कळ आहेत, पहिल्यांदाच कोणीतरी म्हणत होतं की दोष तुमचा नाही.

गेल्यावर तीन पानी फॉर्म दिला. किती वाजता झोपता, स्क्रीन टाइम किती, लहानपणी घरात कोण ओरडायचं, कशाची भीती वाटते. माणूस एवढं खाजगी लिहायला लागला की हात सैल होतो. तिसऱ्या पानावर ठळक अक्षरात "बदलासाठी तुमची तयारी" असा मथळा, आणि त्याखाली मासिक उत्पन्न, पॅन नंबर, सध्या चालू असलेले ईएमआय. त्याच पानाच्या तळाला परत "तुमचा आवडता रंग".

पॅन नंबर! सवय बदलायला पॅन नंबर कशाला लागतो? या एका ओळीवरून मी रात्र रात्र स्वतःशी भांडले आहे. ऑफिसमध्ये एखाद्या व्हेंडरने विनाकारण पॅन मागितला असता तर मी तीन मेल लिहिले असते. पण तिथे आधीची दोन पानं भरून डोळ्यांत पाणी आलं होतं, वडिलांबद्दल लिहिलं होतं, आणि ती मुलगी समोर टिश्यू घेऊन उभी. फॉर्मची रचनाच तशी होती. कोणीही भरला असता.

मग "सर" आले. पन्नाशीचे, शांत आवाज, प्रत्येक वाक्यात ताई. आधी इतिहास सांगितला. स्कॉटिश सर्जन जेम्स ब्रेडने १८४० च्या दशकात हे शास्त्र पुढे आणलं, आणि आपल्याकडे बंगालमध्ये हुगळीला १८४५ मध्ये जेम्स एस्डेल नावाच्या डॉक्टरने क्लोरोफॉर्म येण्याआधी अशा अवस्थेत ऑपरेशनं केली. घरी येऊन शोधलं तर हे खरंच निघालं. त्यामुळेच तर विश्वास बसला.

नंतर टेस्ट. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत घट्ट अडकवा, फक्त तर्जन्या सरळ वर, मध्ये थोडं अंतर. "ताई, आता समजा दोघींमध्ये लोहचुंबक आहे." आणि खरंच बोटं एकमेकींकडे सरकली! सर म्हणाले, "वा. शंभरात पाच जणांचंच मन इतकं ग्रहणशील असतं." मी खूश. नंतर घरी सगळ्यांना करायला लावलं. मिस्टरांची बोटं सरकली, भाच्याची सरकली, सोसायटीच्या वॉचमनकाकांचीही सरकली. बाकीची बोटं आवळून धरली की तर्जन्या आपोआप आत ओढल्या जातात, त्यात मनाची ग्रहणशीलता कुठून आली? कोणी ही टेस्ट करून तुमचं कौतुक करायला लागलं की पर्स उचला आणि निघा.

मागे रेलायची खुर्ची, हेडफोन, पाण्याचा आवाज, पायऱ्या उतरायच्या, दहा, नऊ, आठ. खोटं कशाला सांगू, छान वाटलं. शरीर जड झालं होतं, पण प्रत्येक शब्द ऐकू येत होता. आवाज म्हणत होता, "तू दरवेळी अर्ध्यावर सोडलंस. आज सोडणार नाहीस. आज तू निर्णय घेणार आहेस." कसला निर्णय ते डोळे उघडल्यावर कळलं. लाइट तसाच मंद, आणि मांडीवर टॅब. टॅबवर एका लोन अ‍ॅपचा अर्ज भरून तयार. माझं नाव, माझा पॅन, माझा पगार. सगळं त्या तिसऱ्या पानावरून उचललेलं. जेवायला बसायच्या आधीच बिल फाडून ठेवल्यासारखं. फक्त ओटीपी बाकी होता.

मी म्हटलं, मिस्टरांना विचारते. सर हसून म्हणाले, "ताई, हाच तो रेझिस्टन्स. घरी गेलात की जुनं प्रोग्रॅमिंग परत चालू होणार. आता मन उघडं आहे." म्हणजे विचार करायला वेळ मागणं हाच आजार आणि ओटीपी देणं हा इलाज! आज हे लिहिताना हात थरथरतोय रागाने.

पॅकेज ९० दिवसांचं. "मूळ किंमत १,२०,०००, आजच्या आज ६४,९००." वर १८ टक्के जीएसटी ११,६८२, एकूण ७६,५८२. नो कॉस्ट ईएमआय, ६,३८२ चे बारा हप्ते. नो कॉस्ट म्हणून लोन अ‍ॅपची प्रोसेसिंग फी वेगळी, १,७७०. "ऑडिओ किट" २,९९९, ज्यात निघाला एक नाव नसलेला हेडफोन. सरांनी सुरुवातीची सेशन्स घेतली आणि नंतर दर्शन बंद. मग अ‍ॅपवर रेकॉर्डिंग आणि झूमवर एक विशी-बाविशीची "हॅबिट कोच", जिला माझं नावही दरवेळी वाचून म्हणावं लागायचं. रेकॉर्डिंगमध्ये रोज एकच घोष: २१ दिवसांत सवय लागते. हे २१ चं गाणं सगळेच गातात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी ९६ लोकांवर खरंच मोजलं, तर सरासरी ६६ दिवस आले, आणि माणसागणिक १८ पासून २५४ पर्यंत. २१ दिवस झाले आणि सवय लागली नाही की तुम्हाला वाटतं आपल्यातच खोट आहे. मग पुढचं पॅकेज विकता येतं.

तेच झालं. मी अजून उठत नव्हते, तर निदान निघालं की अडथळा "मागच्या जन्मातला" आहे. त्यावर इलाज डीप रिग्रेशन, म्हणजे संमोहनात मागच्या जन्मात नेणं, १८,०००, यूपीआयने. स्कॅन केल्यावर कंपनीचं नाव आलं नाही, एका बाईचं नाव आलं. विचारलं, तर "अकाउंट अपग्रेड होतंय ताई". एव्हाना पंच्याहत्तर हजारांच्या वर अडकले होते, ते वाया जाऊ नयेत म्हणून हे दिले. माझ्या जागी दुसरं कोणी असतं तरी हेच केलं असतं. त्या सेशनमध्ये मी म्हणे समुद्रात बुडाले होते. संमोहनात आठवलेल्या गोष्टी भरवशाच्या नसतात, सुचवलं की खोट्या आठवणीही तयार होतात, हे मानसशास्त्राचे विद्यार्थीसुद्धा शिकतात. माझ्या पुतणीने सांगितलं. ती एम.ए. करते, आधी तिलाच विचारायला हवं होतं, पण घरातल्या पोरीला कोण विचारतं?

तिच्याकडूनच बाकीचं कळलं. संमोहन म्हणजे थोतांड नाही. पोटाच्या आयबीएससारख्या त्रासात तज्ज्ञाच्या हाताखाली उपयोग झाल्याचे अभ्यास आहेत. सिगारेट सोडवण्यासाठी मात्र वैद्यकीय अभ्यास तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या आढाव्याला ठोस पुरावा सापडला नाही, आणि "मोटिव्हेशन" तर इतकं मोघम की मोजणार काय? आपल्याकडे हिप्नोथेरपिस्ट म्हणून वेगळी सरकारी नोंदणी नाही, शनिवार-रविवारचा कोर्स केलेलाही भिंतीवर फ्रेम लावतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद रिहॅबिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे आरसीआयकडे असते आणि ती ऑनलाइन बघता येते. नंबर मागा. चिडले तर समजा.

पैसे परत मागितले तेव्हा खरी गंमत. विकताना "थेरपी", "उपचार", "क्लिनिकल". परत मागताना म्हणे "आम्ही वेलनेस कोचिंग देतो, कोर्स सुरू झाला की नॉन रिफंडेबल, अटींमधलं पान चार बघा". इथे मात्र माझं अकाउंट्सचं डोकं जागं झालं. अधिकृत डॉक्टर किंवा दवाखान्याच्या उपचारावर जीएसटी लागत नाही. तुम्ही १८ टक्के लावलात, म्हणजे हा उपचार नाही हे तुम्हीच पावतीवर लिहून दिलंत! आणि पावतीवर जीएसटीची रक्कम आहे, पण पंधरा अक्षर-अंकांचा जीएसटी नंबरच नाही. महाराष्ट्रातला असता तर २७ ने सुरू झाला असता. ते ११,६८२ सरकारकडे गेले की कोणाच्या खिशात? पावती मला ईमेलने पैसे गेल्यावर आली, आधी दाखवलीच नव्हती, हेही लक्षात घ्या. पावती आधी मागा.

आता पोलीस. ड्युटीवरच्या साहेबांनी विचारलं, "ताई, तुम्हाला बेशुद्ध केलं होतं का?" म्हटलं, नाही, संमोहनात माणूस शुद्धीवर असतो. "ओटीपी तुम्हीच दिला?" हो. "मग शुद्धीत दिलात. सिव्हिल मॅटर आहे." मी म्हटलं, फसवणूक आहे, पूर्वीचं ४२०, आताचं भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. तर म्हणाले, "मॅडम वकील आहात का?" मागच्या टेबलावरचे एकजण हळूच, "मागच्या जन्मीची केस कुठल्या हद्दीत घ्यायची साहेब?" हसले सगळे. मी ऑफिसमधून हाफ डे टाकून गेले होते. शेवटी अर्ज घेतला, शिक्का मारला, म्हणाले सायबरला जा. सायबरवाले म्हणाले ऑफिस आहे, माणूस आहे, पत्ता आहे, यात सायबर काय, पोलीस ठाण्यात जा. दुसऱ्या एका सरकारी कार्यालयात गेले तर तिथले म्हणाले तो दवाखाना नाही, आमच्या अखत्यारीत येत नाही. दवाखाना नाही, सायबर नाही, जादूटोणा नाही, गुन्हा नाही. मग आहे काय? माझ्या खात्यातून दर महिन्याला ६,३८२ जातात एवढं एकच नक्की आहे.

सगळ्यांत निर्ढावलेले लोन अ‍ॅपवाले. "आम्ही रक्कम मर्चंटला दिली, तुमचा वाद मर्चंटशी, हप्ता चालू राहील." पूर्ण पैसे पहिल्याच आठवड्यात सेंटरला पोचले होते. म्हणजे मी सेशनला गेले काय आणि नाही काय, त्यांना काडीचा फरक पडत नव्हता. ते संमोहन विकतच नाहीत, कर्ज विकतात, असा तेव्हा डोक्यात उजेड पडला. रागाने मी बँकेतला मॅन्डेट, म्हणजे हप्ता आपोआप कापायची परवानगी, बंद केला तर बाउन्स चार्ज ५९० आणि रिकव्हरीवाल्याचा थेट ऑफिसच्या लँडलाइनवर फोन. माझ्या एचआरने उचलला. तोपर्यंतचा हिशेब ९९,८५२ होता, या ५९० ने लाखाचा उंबरा ओलांडून दिला. हप्ता असा परस्पर थांबवू नका, सिबिल जातं आणि भांडायला बळ उरत नाही.

कर्जासोबत एक "की फॅक्ट स्टेटमेंट", म्हणजे अटींचा गोषवारा, येतं, पीडीएफमध्ये पुरलेलं. त्यात कूलिंग ऑफची मुदत असते, त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च भरून कर्ज मोडता येतं. मला हे कोणी सांगितलं नाही, ना सेंटरने, ना अ‍ॅपने, आणि मी वाचेपर्यंत मुदत गेली होती. तुम्ही आत्ता कुठे अडकला असाल तर हे वाचणं सोडून आधी ती पीडीएफ उघडा. कर्जवाल्यांच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा, ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा नकार आला तर रिझर्व्ह बँकेचं सीएमएस हे तक्रारींचं पोर्टल, फोन १४४४८. मी तक्रार टाकली आहे, तिथे "प्रक्रियेत" असं दिसतं.

ग्राहक आयोगाकडे गेले तेव्हा कुठे कोणी सरळ बोललं. पाच लाखांपर्यंत फी नाही, वकील सक्तीचा नाही, दोन वर्षांच्या आत यायचं, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. २०१९ च्या कायद्यात लिहिलंय की सदोष सेवा बंद करून पैसे परत द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे, पावतीवर मुदत नसेल तर ३० दिवस. नॉन रिफंडेबल छापलं म्हणून संपत नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून ठेवा, तक्रारीचा डॉकेट नंबर कामी येतो. व्हॉट्सअ‍ॅप चॅट डिलीट करू नका, सेंटरवाले "डिलीट फॉर एव्हरीवन" करतात, माझ्या बाबतीत केलं, मी आधीच स्क्रीनशॉट घेतले होते. एवढं तरी केलं.

मिस्टर म्हणतात सोड आता, लाखभर गेले, डोकं तरी शाबूत ठेव. त्यांचं बोलणं ठीक आहे, पण हप्ता माझ्या पगारातून जातो.

आता काम एवढंच. सारख्याच प्रकारे फसलेले ग्राहक आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करू शकतात, कलम ३५ मध्ये तशी सोय आहे. घोडबंदर रोड, माजिवडा, वाशी, नेरूळ, कुठेही असा तीन पानी फॉर्म भरलेला असेल, पावतीवर जीएसटी असेल पण नंबर नसेल, आणि यूपीआय एखाद्या बाईच्या नावावर गेलं असेल, तर मला मेसेज करा. पावतीचा फोटो पाठवताना पॅन झाकून पाठवा, मलाही दाखवू नका.