दसरा चौकातलं सोनं लुटायचं असेल तर कुठं उभं राहायचं

दसऱ्याच्या सोहळ्याला कोल्हापूरच्या दसरा चौकात आम्ही कॉलेजच्या चौघी दरवर्षी एकत्र असतो. यंदा पुण्याची पाचवी बरोबर होती. ती सारखी विचारायची, "पास कुठं मिळतो?" अगं, पास नाही, तिकीट नाही. रस्त्यावर यायचं आणि उभं राहायचं.

सकाळी अंबाबाईला गेलो. रांग पाहून मुखदर्शनावर भागवलं, दुपारी माझ्याकडं पुरणपोळी. चारला बिंदू चौकातनं चालतच निघालो. गाडी आणायच्या भानगडीत पडू नका.

आता महत्त्वाचं. स्टेजच्या बाजूला थांबलात तर छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक गाडी आणि घराण्यातली मंडळी जवळनं दिसतात. लकडकोटाच्या, म्हणजे आपट्याच्या फांद्या ठेवलेल्या लाकडी कठड्याच्या बाजूला थांबलात तर सोनं हाताला लागतं. आम्ही लकडकोट धरला आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही. अंबाबाई, तुळजाभवानी आणि गुरुमहाराजांच्या पालख्या आल्या की गर्दी आपोआप वाट करून देते. मेबॅक आली तेव्हा शेजारच्या आजोबांनी नातवाला खांद्यावर घेतलं आणि स्वतः मात्र हात जोडून खाली बघत राहिले.

सूर्य मावळायला पूजा झाली, बंदुकीची सलामी झाली आणि पुढच्या क्षणी सगळा चौक आपट्याच्या पानांवर तुटून पडला. कोण कुणाचं ऐकतंय! माझ्या बोटांना फांदी खरचटली, पण मूठ सोडली नाही. बाहेर येऊन उघडली तर पाच पानं. दोन फाटलेली, तीन धड. आपट्याचं पान मधोमध दुमडल्यासारखं असतं, दोन पानं देठाशी जोडून ठेवावीत तसं. मुठीत घामानं ती ओली झाली होती आणि हिरवा वास येत होता. लहान मुलं आणि म्हातारी माणसं असतील तर या बाजूला अजिबात आणू नका, लांबूनच बघा.

एक गोष्ट फार खटकली. वाटेत एका हॉटेलात चहा घेतला आणि बाथरूम विचारलं, तर "गिऱ्हाइकांना नाही" असं तोंडावर सांगितलं. बिल आमच्या हातातच होतं. सणाच्या दिवशी बाईमाणसाला असं परत पाठवायचं नसतं. घरनं निघतानाच आवरून निघा आणि पाण्याची बाटली बरोबर ठेवा.

बाकी दिवसाला माझ्याकडनं पैकीच्या पैकी. सोनं हातात पडलं की अनोळखी माणूससुद्धा "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा" म्हणत समोर येतो. पुण्याच्या मैत्रिणीला असं सात-आठ जणांनी दिलं. रात्री खासबागेजवळ भेळ खायला थांबलो, तेव्हा तिनं त्यातलं एक पान भेळवाल्या काकांना दिलं. त्यांनी हात पुसले, पान कपाळाला लावलं, गल्ल्यात नोटांच्या वर ठेवलं आणि मग विचारलं, "तिखट किती घालू, ताई?"