एक्स-रे, सीटी, सोनोग्राफीच्या यादीला लॉइंक कोड लावले: काही महिन्यांनंतरचा अनुभव

निकाल आधी सांगतो. लॉइंक म्हणजे तपासण्यांना एकसारखे कोड देणारी आंतरराष्ट्रीय यादी. तपासण्यांच्या यादीसाठी तिचे रेडिओलॉजीचे लॉइंक-आरएसएनए प्लेबुक घ्या, रिपोर्टातल्या निष्कर्षांसाठी स्नोमेड सीटी (वैद्यकीय संज्ञांचा कोडसंग्रह) ठेवा आणि सीपीटी या अमेरिकन कोडांच्या वाटेला जाऊ नका. गोव्यातल्या फोंडा आणि म्हापसा अशा दोन सेंटरांचे काम एकाच पॅक्सवर (प्रतिमा साठवून दाखवणारी प्रणाली) आल्यापासून आम्ही असेच चालवतो आहोत. सोय बरीच झाली, कटकटही आहे.

गरज का पडली? छातीचा एक्स-रे एकीकडे 'चेस्ट पीए', दुसरीकडे 'सीएक्सआर', आणि कोणीतरी कधीतरी घातलेला 'छाती एक्स-रे' वेगळाच. जुना एक्स-रे शेजारी उघडून तुलना करायची तर सॉफ्टवेअरला दोन्ही एकच आहेत हे कळायचेच नाही. रेडिओलॉजिस्ट बाई वैतागून हाताने शोधत बसायच्या.

सीपीटी अमेरिकन मेडिकल असोसिएशनचे, परवाना विकत घ्यायचा, आणि मुळात तिथल्या बिलांसाठी बनलेले. आपल्याला त्याचा काय उपयोग? स्नोमेड भारतात फुकट आहे. २०१४ पासून आपला देश सभासद आहे आणि वितरण पुण्याच्या सी-डॅककडून होते. पहिला विचार त्याचाच होता. त्याची उतरंड सुरेख आहे, 'छातीचे सगळे इमेजिंग' असे एका फटक्यात काढता येते. पण किती व्ह्यू (कोन), कॉन्ट्रास्ट (प्रतिमा उठून दिसावी म्हणून द्यायचे औषध) कसा, कोणती बाजू, हे सगळे एका तयार कोडात दर वेळी सापडेना, आणि तुकडे जोडून कोड बनवणे आमच्या आरआयएसला (रेडिओलॉजीच्या नोंदींचे सॉफ्टवेअर) झेपणारे नव्हते. त्यात कोडसाठी रकाना एकच. दुसरा मागितला तर व्हेंडरने कोटेशन पाठवले.

लॉइंकमध्ये हे सगळे आधीच मांडलेले आहे. लॉइंक चालवणारी रीगनस्ट्रीफ इन्स्टिट्यूट आणि आरएसएनए ही उत्तर अमेरिकेतली रेडिओलॉजीची संस्था यांनी २०१३ पासून आपापल्या याद्या एकत्र आणल्या. प्रत्येक कोडाला मोडॅलिटी (मशीनचा प्रकार), शरीराचा भाग, बाजू, व्ह्यू, कॉन्ट्रास्ट अशी खाती आहेत. वापर फुकट, फक्त नोंदणी करावी लागते.

खरा फायदा दिसला कॉन्ट्रास्टमध्ये. डॉक्टर चिठ्ठीवर 'सीईसीटी अ‍ॅब्डोमेन' (पोटाचा कॉन्ट्रास्ट सीटी) एवढेच लिहितात. आधी प्लेन, म्हणजे कॉन्ट्रास्टशिवाय, काढायचे की थेट कॉन्ट्रास्ट, हे कन्सोलवर बसलेला टेक्निशियन ठरवायचा, आणि नोंद दोन्ही वेळा तीच. लॉइंकमध्ये 'विदाउट', 'विथ' आणि 'विदाउट अँड विथ' असे तीन वेगळे कोड. पोट दोनदा स्कॅन झाले की पेशंटला किरणांचा डोसही जास्त, त्यामुळे हा फरक नुसता कागदी नाही. आता रिसेप्शनवर कोड निवडतानाच प्रश्न उभा राहतो. परवा संध्याकाळी टेक्निशियन फोन करून विचारत होता, 'सर, विथ घातलंय, प्लेन नको ना?' आधी हा फोन कधीच येत नसे. बाईंनी प्रोटोकॉल सांगितला, त्याने तसे केले.

दुसरा फायदा अनपेक्षित. गरोदरपणाची सोनोग्राफी आणि साधी पेल्व्हिसची सोनोग्राफी पूर्वी एकाच 'यूएसजी पेल्व्हिस'खाली जायची. पीसीपीएनडीटीचा (गर्भलिंगनिदान बंदी कायदा) महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत द्यावा लागतो, आणि फॉर्म एफ (गरोदर बाईच्या सोनोग्राफीचा फॉर्म) किती भरले ते रजिस्टरशी ताडताना दर वेळी डोके उठायचे. गरोदरपणासाठी वेगळे कोड घेतल्यावर ती यादी आपसूक निघते.

आता तक्रारी. गुडघ्याच्या एक्स-रेसाठी 'व्ह्यूज', '२ व्ह्यूज', 'एपी अँड लॅटरल' (समोरून आणि बाजूने) असे जवळजवळ सारखे कोड आहेत, त्यात डावा, उजवा, दोन्ही आणि बाजू न सांगितलेला. कोणता घ्यायचा हे लॉइंक सांगत नाही, तुम्हीच ठरवायचे. आम्ही 'एपी अँड लॅटरल' घेतला आणि बाजू नसलेले कोड यादीतून काढूनच टाकले. बाजू कळल्याशिवाय नोंदच होत नाही. छातीला मात्र दोन व्ह्यू असतील तर सरळ '२ व्ह्यूज'चा कोड, ३६६४३-५.

नावेही आपली नाहीत. आपण 'सीटी ब्रेन' म्हणतो, तिथे सीटीला 'हेड' आणि एमआरआयला 'ब्रेन'. 'सीटी केयूबी' (मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत) आम्ही प्लेन सीटी अ‍ॅब्डोमेन अँड पेल्व्हिसखाली टाकले. वर लांबलचक नावांचा ताप: डायकॉम या वैद्यकीय प्रतिमांच्या मानकात कोडच्या अर्थाला ६४ अक्षरांची मर्यादा आहे, आणि आमच्या जुन्या मशीनच्या वर्कलिस्टवर (करायच्या तपासण्यांची यादी) तेवढीही दिसत नाहीत. म्हणून स्क्रीनवर आमचे ओळखीचे छोटे नाव आणि मागे लॉइंक, अशी तडजोड केली. टेक्निशियन मंडळींनी हे कोड पाठ करावेत अशी अपेक्षा ठेवू नका, ती ठेवणाऱ्याला वॉर्डातली सकाळ माहीत नसते.

बिलाचा प्रश्न यातून सुटत नाही. सरकारी योजनांचे पॅकेज कोड वेगळे आणि ते वेगळेच राहणार. दोन रकाने शेजारी शेजारी ठेवले की झाले. आयुष्मान भारत डिजिटल मिशनला मात्र हीच मांडणी सोयीची. तिथली देवाणघेवाण फायर आर४ या आरोग्य माहितीच्या मानकावर चालते आणि फायरच्या मूळ रचनेत रिपोर्टच्या कोडला लॉइंकच पसंतीचे, निष्कर्षासाठी उदाहरण स्नोमेडचे. बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात पाठवलेल्या पेशंटबरोबर आज सीडी आणि कागदच जातो. डिजिटल रिपोर्ट जायला लागला तर कोड तयार आहेत.

लॉइंकची नवी आवृत्ती फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये येते. रद्द झालेले कोड तेव्हा तपासायचे, हे काम एकाच्या नावावर लिहून टाका, नाहीतर कोणीच करत नाही.

एकच मशीन, एकच डॉक्टर असेल तर या भानगडीत पडायची घाई नको. दोन शाखा असतील तर आधी स्वतःच्या यादीतली दुबार नावे काढा, मग कोड लावा. आमचे डॉप्लर (रक्तप्रवाह बघायची सोनोग्राफी) अजून राहिले आहे. लॉइंकमध्ये डॉप्लर साध्या सोनोग्राफीहून वेगळा धरतात आणि पायाच्या शिरांच्या आमच्या जुन्या नोंदींत बाजूच लिहिलेली नाही, तेव्हा त्या एकेक उघडून बघाव्या लागणार.