समुद्र आणि डोंगर एकाच सुट्टीत: आंबोली–मालवण की मुरूड–रायगड?

डिसेंबरात सुट्टी काढायची आहे, नुसतं खाऊन लोळायचं नाही, पोहायचंही आहे आणि चढायचंही, आणि निघायचं मुंबईहून. असं कुणी विचारलं की मी दोनच वाटा सांगतो. एक खाली सिंधुदुर्गात, आधी आंबोली मग मालवण. दुसरी बंदरापलीकडे रायगड जिल्ह्यात, अलिबाग, मुरूड आणि शेवटी रायगड किल्ला. दोन्हीकडे मी बायको-मुलीला घेऊन गेलो आहे आणि दोन्हीवर माझा जीव आहे. हातात किती रात्री आहेत आणि समुद्रात तुम्हाला नक्की काय करायचंय, एवढ्यावर निवड ठरते.

आधी रात्रींचा हिशेब. तीनच रात्री असतील तर मालवणचा विचारही करू नका. भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडवा तासाभरावर आहे, बोटीत गाडी चढते, सायकलही चढते, म्हणजे पहिल्याच दुपारी तुम्ही हिंडायला मोकळे. मालवणला जायचं तर रात्रीची गाडी हवी. कोकणकन्या सीएसएमटीहून, तुतारी दादरहून. तुतारी मध्यरात्र उलटल्यावर सुटते, त्यामुळे तिकिटावरची तारीख दुसऱ्या दिवसाची असते. यात भलेभले चुकतात आणि स्टेशनवर एक दिवस उशिरा पोहोचतात. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि नाताळच्या आठवड्याची तिकिटं बघता बघता संपतात. गाडीतल्या दोन रात्री धरून निदान सहा रात्री असतील तरच ही वाट धरा.

आता पाणी. मालवणात तुम्ही समुद्राच्या आत उतरता. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास खडक आहेत, त्यांच्यात स्नॉर्केलिंग (वर तरंगत, नळीने श्वास घेत खाली बघणं) आणि स्कूबा (पाठीवर हवेची टाकी घेऊन खाली उतरणं) दोन्ही चालतं. पोहता येत नसलं तरी प्रशिक्षक हाताला धरून खाली नेतो. माझी मुलगी तेव्हा बारा वर्षांची होती. होडीतच तिला खुणा शिकवल्या: अंगठा वर केला तर त्याचा अर्थ 'मस्त' नाही, 'मला वर घ्या' असा होतो. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनीचं गोल कडं दाखवायचं. खाली गेल्यावर कान दडपले की नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं. तिने तीनदा फुंकलं, मग कडं दाखवलं, आणि तेवढ्यात पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे तिच्या कोपराजवळून गेले. काचेतून तिचे डोळे दिसत होते मला. ते मी विसरणार नाही. दहा वर्षांखालच्या मुलांना मात्र खाली नेऊ नका, कुणी कितीही आग्रह केला तरी. सर्दी असेल तर मोठ्यांनीही उतरू नये.

मुरूडच्या बाजूला समुद्र असा आत घेत नाही. काशीदची पांढरी वाळू सुंदर आहे, पण पाणी फसवं आहे, तिथे बुडण्याच्या घटना वारंवार घडल्या आहेत. घोट्यापुरतंच पाणी पुरे. इथे समुद्र पायी आणि शिडाच्या होडीतून अनुभवायचा. राजपुरीहून जंजिऱ्याला होडी जाते, दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, आणि आत कलालबांगडी तोफेवर हात ठेवला की ऊन किती तापलंय ते कळतं. अलिबाग ते मुरूड साधारण पन्नास किलोमीटर आहे. सायकलवर रेवदंड्याचा पूल, कोर्लईचा पोर्तुगीज किल्ला, मग काशीदचा चढ असा तो रस्ता मला मालवणातल्या कुठल्याही रस्त्यापेक्षा आवडतो. कोर्लई गावात आजही पोर्तुगीजमिश्रित बोली बोलतात, थांबून कान द्या.

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं, आणि इथे पंचांग कामाला येतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते, हे किनाऱ्यावर कुणीही सांगेल. संकष्टीला चौथ, म्हणजे भरती तीनच्या सुमारास आणि ओहोटी सकाळी नवाच्या. आम्ही मात्र नवमीला गेलो होतो. दुपारी पाऊणची ओहोटी होती खरी, पण तो भांग होता, म्हणजे भरती-ओहोटीत फरक कमी असण्याचा काळ; पाणी गुडघ्याच्या खाली उतरलंच नाही. मुलगी खांद्यावर, बूट गळ्यात, आणि खडकावरच्या कालवांच्या धारेने तळपाय कापले. अष्टमी-नवमीचे दिवस टाळा, पौर्णिमा-अमावास्येनंतरचे तीन-चार दिवस धरा.

डोंगराच्या बाबतीत माझा कौल सरळ रायगडाला आहे. आंबोली सुमारे 690 मीटरवर, महाराष्ट्रातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक. तिचं खरं रूप पावसाळ्यात: धबधबे, धुकं, रात्री विजेरी घेऊन बेडूक शोधणं. पण पावसाळ्यात मालवणचा समुद्र बंद असतो. म्हणजे सिंधुदुर्गात डोंगर आणि समुद्र एकाच मोसमात भरात कधी येतच नाहीत. डिसेंबरात हिरण्यकेशीचा उगम, महादेवगड आणि कावळेसादच्या कड्यावरून दिसणारी दरी एवढं मिळतं. शांत आहे, छान आहे, पण अंगाला घाम फुटत नाही.

रायगड घाम काढतो. पाचाडला मुक्काम करा, जिजाऊंच्या समाधीपाशी संध्याकाळी बसा, आणि पहाटे चित्त दरवाजाच्या वाटेने निघा. महादरवाजाच्या अलीकडच्या चढावर ऊन लागायच्या आत पोहोचायला हवं, नाहीतर दगडच तापतात. वर जगदीश्वराच्या मंदिराच्या पायरीवर 'सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इदुळकर' ही अक्षरं कोरलेली आहेत. ती बसून, बोट फिरवून वाचा. ज्याने हा गड बांधला त्याने स्वतःचं नाव पायरीवर कोरलं, हे आठवलं की मला दरवेळी भरून येतं. बरोबर आई-वडील असतील तर त्यांना हिरकणीवाडीहून रोपवेने वर बोलवा, भेट होळीच्या माळावर.

किल्ल्यांच्या मानाचा प्रश्न उरत नाही. रायगड आणि सिंधुदुर्ग दोन्ही 2025 साली युनेस्कोच्या यादीत आलेल्या बारा किल्ल्यांमध्ये आहेत.

मालवणची वाट धरलीत तर एक गोष्ट कृपा करून पाळा. आधी सावंतवाडीला उतरून आंबोली करा, मालवण नंतर. स्कूबाची डायव्ह केल्यावर अंगात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो आणि त्या अवस्थेत उंचावर गेलं की त्रास होऊ शकतो. एका डायव्हनंतर निदान बारा तास, एकाहून अधिक झाल्या तर अठरा तास घाट चढू नये, विमानातही बसू नये. सकाळी पाण्यात आणि दुपारी आंबोलीचा घाट, असा कार्यक्रम टूरवाले बिनदिक्कत आखून देतात. आम्हालाही एकाने दिला होता. मी तो उलटा करून घेतला. परतीला कुडाळहून रेल्वेच बरी, कोल्हापूरमार्गे घाट चढून येणारी बस त्या दिवशी नको.

आमचं यंदाचं ठरलं आहे. मुलीला पुन्हा पाण्याखाली जायचंय, पण मला चारच दिवस रजा आहे, म्हणून मुरूड–रायगड. कालनिर्णय भिंतीवरून काढून संकष्टीला पेनाने गोल केलाय.