रोवणीतल्या चिखल्या: कोणतं मलम घ्यावं, कोणतं टाळावं

धानाची रोवणी लागली की भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे दिवस दिवस पाय बांधीतल्या पाण्यातच असतात. बोटांच्या बेचक्यातली कातडी पांढरी पडते, सोलते, चिरा पडतात आणि रात्री खाजेनं झोप लागत नाही. याच चिखल्या. औषधाच्या दुकानात गेलं तर चार प्रकारच्या ट्यूबा पुढ्यात येतात, घरी सासूबाई मेंदीचा पाला वाटायला घेतात. यातलं नेमकं काय निवडायचं?

आधी एक पारख करा. पाय एक-दोन दिवस कोरडे ठेवल्यावर कातडी पहिल्यासारखी झाली, तर ते नुसतं भिजणं होतं, औषधाची गरज नाही. पण खाज राहिली, सोलणं करंगळीजवळच्या बेचक्यातून पुढच्या बोटांकडे किंवा तळव्याकडे सरकलं, तर त्यात बुरशी शिरली असं धरून चाला. नायटाही याच जातीच्या बुरशीमुळे होतो. म्हणून पायाची खाज अंग पुसायच्या दुपट्ट्यावाटे जांघेत जाऊ शकते.

मलमांमध्ये खरी निवड दोनच औषधांत आहे. क्लोट्रिमॅझोल १ टक्का हे स्वस्त आहे, जनऔषधी केंद्रात मिळतं आणि बुरशीसोबत ओल्या जागी वाढणाऱ्या यीस्टवरही चालतं. पण ते दिवसातून दोनदा, साधारण ४ आठवडे लावावं लागतं. टर्बिनाफिन १ टक्का महाग पडतं, पण बेचक्यातल्या बुरशीला बहुतेकदा १ आठवडा पुरतो. तळव्यावर पसरली असेल तर त्याहून जास्त दिवस लागतात.

रोवणी अजून चालू असेल तर मी क्लोट्रिमॅझोल सांगेन. रोज सकाळी पाय पुन्हा चिखलात जाणारच आहेत, तेव्हा आठवड्यात संपणाऱ्या औषधापेक्षा महिनाभर पाठ न सोडणारं औषध बरं. टर्बिनाफिन अशांना, ज्यांचे पाय आता कोरडे राहू शकतात: रोवणी आटोपलेले, दिवसभर बूट घालणारे ड्रायव्हर, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं. दोन्ही औषधांत लोक एकाच ठिकाणी चुकतात. खाज चार दिवसांत थांबते आणि ट्यूब फळीवर जाते. कातडी बरी दिसली तरी सांगितलेले दिवस पूर्ण करा, नाहीतर चिखल्या पुन्हा उमटतात.

आता तिसरी ट्यूब, जी सगळ्यात पटकन हातात दिली जाते. बुरशीचं औषध, जंतूचं औषध आणि स्टेरॉइड, तिन्ही एकत्र. लावल्याबरोबर खाज बसते, लाली उतरते, म्हणून गावागावांत तिचं नाव झालं आहे. पण स्टेरॉइड फक्त सूज दाबतं आणि त्या आडून बुरशी पसरत राहते. बंद केलं की दुपटीनं उठते, चट्ट्याचं रूप बदलतं, मग डॉक्टरलाही ओळखायला वेळ लागतो. जांघेत महिनोन्‌महिने लावलं तर कातडी पातळ होते आणि पडलेल्या रेघा जात नाहीत. स्टेरॉइडची बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत अशी दुरुस्ती केंद्र सरकारनं २०१८ मध्ये केली. तरी ट्यूबवरची नावं स्वतः वाचा, किंवा शाळेतल्या पोराकडून वाचून घ्या. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन यांपैकी एकही दिसलं तर परत करा आणि 'एकच औषध असलेली द्या' असं स्पष्ट म्हणा.

घरगुती उपायांचं थोडक्यात. मेंदी, हळद, कडुलिंबाचं पाणी यांनी आराम वाटतो, पण मुरलेली बुरशी त्यांच्या भरवशावर सोडू नये. हळदीचा ओला लेप बेचक्यात रात्रभर ठेवला तर ओल उलट वाढते. रॉकेल, बॅटरीतलं पाणी, फिनाइल हे कधीच नको. चिरलेली कातडी भाजते आणि जखम होते.

पावडर की मलम, असंही विचारतात. चिखल्या झालेल्या असतील तर मलम. पावडर नंतर, बूट घालण्याआधी, पूर्ण कोरड्या पायावर. ओल्या बेचक्यात तिच्या गुठळ्या होतात.

प्रतिबंधाचं गणित पिकावर ठरतं. कपाशी-सोयाबीनच्या वावरात गमबूट चांगले, सापापासूनही बचाव होतो. पण आत घाम साचतो, म्हणून सुती मोजे रोज बदला आणि रात्री बूट उलटे टांगा. धानाच्या बांधीत गमबूट गाळात रुततात, तिथे अनवाणीच उतरावं लागतं. मग सकाळी बेचक्यांत खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन चोळून जा. त्यानं बुरशी मरत नाही, पण कातडी कमी भिजते. संध्याकाळी साबणानं पाय धुवा आणि पायांसाठीच ठेवलेल्या कोरड्या फडक्यानं प्रत्येक बेचकं टिपा. औषध त्यानंतरच. तेलकट किंवा ओल्या कातडीवर लावलेलं मलम वाया जातं. घरात ज्याला चिखल्या आहेत त्याचं फडकं, चप्पल दुसऱ्यानं वापरू नये.

पूर्व विदर्भात हे सगळं जास्त मनावर घ्यावं लागतं, कारण इथे हत्तीरोग आहे. ज्याचा पाय आधीच सुजलेला आहे, त्याच्या बेचक्यातली चीर म्हणजे जंतूंना उघडं दार. तिथून ताप, थंडी, पाय लाल होणं असे झटके येतात आणि दर झटक्यागणिक सूज वाढते. अशा माणसाचे पाय घरच्यांनी रोज धुऊन, टिपून द्यावेत.

सुजलेला पाय, मधुमेह, पू, वर चढत जाणारी लाली किंवा ताप, यातलं काहीही असेल तर घरी प्रयोग करू नका, थेट प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईनं मलम घेण्याआधी आशाताईंमार्फत डॉक्टरांना विचारावं. आणि नियमानं लावूनही ४ आठवड्यांत फरक पडला नाही, तर ट्यूब बदलत बसू नका. टर्बिनाफिनला न जुमानणारी बुरशी आपल्या देशात वाढते आहे, तेव्हा त्वचेच्या डॉक्टरांना पाय दाखवा आणि आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूबा, रिकाम्या झालेल्यासुद्धा, सोबत न्या.