सिनॉप्सिससाठी शोध : पबमेड की गूगल स्कॉलर?

सांगलीत फार्मसीचं पीजी करताना विषय हळदीचा मिळाला : गुडघ्याच्या संधिवातावर कर्क्युमिन (हळदीतला एक घटक). सिनॉप्सिससाठी, म्हणजे प्रबंधाच्या आराखड्यासाठी, आधीचे पेपर दोन्हीकडे शोधले : पबमेड म्हणजे वैद्यकीय शोधनिबंधांची सूची, तर गूगल स्कॉलर म्हणजे सगळ्या विषयांच्या शोधनिबंधांचं सर्च इंजिन. दोन्ही फुकट, म्हणून याहून जास्त ओळख करून देत बसत नाही.

स्कॉलर पेपरच्या आतला मजकूरही चाळतो. त्यामुळे थेसिस आणि छोट्या भारतीय जर्नलमधले पेपर तिथेच सापडतात. एक चांगला पेपर हाती लागला की 'सायटेड बाय'वरून (त्या पेपरचा संदर्भ देणाऱ्या नंतरच्या पेपरांची यादी) त्याच्या पुढचं काम उलगडत जातं. याला तोड नाही.

पण केलेला शोध पुरेसा झाला की नाही, हे ठरवायचं कसं? मी आधीच्या रिव्ह्यूंमधले कळीचे पाच-सहा पेपर बाजूला काढतो आणि आपल्या सर्चमध्ये ते येतात का बघतो. स्कॉलरमध्ये नेमकं इथे घोडं अडलं. वर हजारोंचा आकडा दिसतो, पण उघडून बघता येतात ते पहिले हजारच. न दिसलेला पेपर खाली गाडला गेलाय की आलाच नाही, ते कळत नाही. मग दुरुस्ती तरी कशाची करायची? माझ्यासाठी निकाल तिथेच लागला.

पबमेडमध्ये कळीच्या पेपरांचे पीएमआयडी (पबमेडने प्रत्येक पेपरला दिलेला क्रमांक) टाकून एक सर्च करायचा, मग आपला नेहमीचा सर्च, आणि ॲडव्हान्स्ड पानावर पहिल्यातून दुसरा 'नॉट' लावून वजा करायचा. उरतील ते निसटलेले पेपर. असाच उरलेला एक उघडला, तर शीर्षकात कर्क्युमिन नव्हतंच, 'टर्मरिक एक्स्ट्रॅक्ट' होतं. खाली मेश शब्दांत (पेपरांना लावले जाणारे ठरावीक विषय-शब्द) 'कर्कुमा', म्हणजे हळदीचं शास्त्रीय नाव, दिसलं. दोन्ही शब्द 'ऑर'ने जोडले आणि पेपर आत आला. मात्र नुसत्या मेशवर विसंबू नका. पबमेडमधल्या सगळ्याच पेपरांना ते शब्द लागलेले नसतात, म्हणून शीर्षक-गोषवाऱ्यातले शब्दही हवेतच. शब्दाला फुली (*) किंवा अवतरणचिन्हं लावली की पबमेड स्वतःहून समानार्थी मेश जोडत नाही, हेही ध्यानात असू द्या.

विषय हळदीच्या कंदकुजीचा असता तर कदाचित मीही स्कॉलरपासूनच सुरुवात केली असती. शेतीचं साहित्य पबमेडमध्ये तुटपुंजं आहे. औषधाच्या विषयाला मात्र मुख्य शोध पबमेडमध्ये घ्यावा आणि 'सायटेड बाय'साठी शेवटी स्कॉलरकडे वळावं, असं मला वाटतं. सर्चची ओळ तारखेसकट सिनॉप्सिसमध्ये जशीच्या तशी द्या. आठ तास वापर झाला नाही तर पबमेडची हिस्ट्री पुसली जाते, तेव्हा त्याच बैठकीत ती डाउनलोड करून ठेवा.