हनोई ते सायगॉन रेल्वे: जोडीने पाच महिने बॅग पाठीवर टाकून फिरल्यावर लिहिलेला रिव्ह्यू

मी आणि नवरा डिसेंबरात निघालो ते थेट मे महिन्यात डोंबिवलीला परत आलो. तीन महिने व्हिएतनाम, मग लाओस, मग थायलंड, पाठीवर एकेक चाळीस लिटरची बॅग आणि बास. यात विमान झालं, स्लीपर बस झाली, मिनीव्हॅन झाली, होडी पण झाली, पण परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो की सगळ्यात काय आवडलं आणि माझ्या तोंडून दर वेळी एकच निघतं, व्हिएतनामची रेल्वे. म्हणून म्हटलं एकदा नीट बसून लिहावं, जोडीने असं लांब फिरायचं कोणाच्या मनात असेल तर त्यांना उपयोग होईल.

हनोई ते सायगॉन (आता हो ची मिन्ह सिटी, पण स्टेशनचं नाव अजून सायगॉनच आहे) ही लाइन १७२६ किलोमीटरची. फ्रेंचांनी काम सुरू केलं १८९९ ला आणि पूर्ण व्हायला १९३६ उजाडलं. पुढे १९५४ ला देशाचे दोन तुकडे झाले तशी लाइन पण मधून तुटली, युद्धात पूल उडवले गेले, आणि देश एक झाल्यावर दुरुस्त करून १९७६ च्या शेवटी परत चालू केली. नावच 'थोंग न्यत', म्हणजे एकीकरण. परदेशी लोक रियुनिफिकेशन एक्सप्रेस म्हणतात पण त्या नावाची एकच अशी गाडी शोधू नका, तिकिटावर एसई १, एसई ३ असे नंबर असतात, हनोईहून दक्षिणेला जाणाऱ्या विषम आणि सायगॉनहून वर येणाऱ्या सम.

रूळ मीटरगेज, म्हणजे दोन रुळांत फक्त एक मीटर अंतर, आणि बराचसा मार्ग एकेरी, त्यामुळे वेगाची अपेक्षा ठेवू नका, पूर्ण अंतराला तीस तासांच्या वर लागतात आणि विमान दोन तासांत पोचवतं. मला मात्र डब्यात पाय ठेवल्या ठेवल्या घरच्यासारखं वाटलं कारण माझं माहेर अकोटचं, अकोला-खंडवा मीटरगेजवर आमचं सगळं लहानपण गेलंय, डबा अरुंद, गाडी डुलत डुलत चालणार आणि रुळांचा तो बारीक ठेका. नवऱ्याला पहिल्या रात्री झोप लागली नाही, मी मात्र गाढ झोपले.

आता बर्थचं सांगते कारण जोडीने जाणाऱ्यांसाठी हेच सगळ्यात महत्त्वाचं. दोन प्रकार आहेत, सॉफ्ट स्लीपर म्हणजे चार बर्थची खोली आणि हार्ड स्लीपर म्हणजे सहा बर्थची, दोन्हीकडे एसी. एकाच खोलीत पण दर वेगवेगळे, खालचा सगळ्यात महाग आणि वर जाल तसा स्वस्त. सहावाल्यात सगळ्यात वरच्या बर्थवर ताठ बसता येत नाही, एकदा चढलात की आडवंच पडायचं, पंचविशीतल्या मुलांना चालेल, आमच्या गुडघ्यांना नाही. आम्ही प्रत्येक लांबच्या टप्प्याला चारवाल्यातले खालचे दोन्ही समोरासमोरचे घेतले. थोडे पैसे जास्त जातात पण मध्ये छोटं टेबल, टेबलावर चहाचा थर्मास, खिडकी दोघांची, बॅगा बर्थखाली पायाशी. मोठ्यांना वीस किलोपर्यंत सामान फुकट आहे आणि आमच्या दोघांच्या बॅगा मिळून तेवढ्या भरत नव्हत्या.

डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याचा नळ असतो, हा नळ म्हणजे आमच्यासारख्या शाकाहारी माणसांचा आधार. कपात नूडल्स, ओट्स, घरून नेलेलं उपम्याचं भाजून ठेवलेलं पीठ, सगळं त्या पाण्यावर झालं. खाण्याची ढकलगाडी येते, भात, पेज, उकडलेलं कणीस, कॉफी असं असतं. 'चाय' हा शब्द पाठ करून ठेवा, त्यांच्याकडे त्याचा अर्थ शाकाहारी असा होतो. चंद्राच्या तिथीप्रमाणे पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिथे बरेच बौद्ध लोक मांसाहार करत नाहीत, म्हणजे आपल्या अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, त्या दिवशी गावात शाकाहारी जेवण सहज मिळतं.

याच खाण्यावरून एक गोष्ट सांगायलाच हवी. हनोईहून निघालो त्या पहिल्या टप्प्यात, निन्ह बिन्हच्या अलीकडे, समोर एक आजी बसल्या होत्या, सत्तरीच्या असतील, मांडीवर भाताचा डबा. मी माझा भात काढला आणि वर शेंगदाण्या-तिळाची चटणी घातली, अकोटहून आईने दिलेली, घट्ट झाकणाच्या बाटलीत. आजी एकदम पुढे वाकल्या, बाटलीत बोट दाखवून म्हणाल्या "मुओय वुंग?" आणि मला काही कळेना. मग त्यांनी त्यांच्या पिशवीतून एक पुडी काढली, उघडली, तर आत भाजलेल्या तिळाचं आणि शेंगदाण्याचं भरड कूट, त्यात मीठ. तेच की! फक्त लसूण-तिखट नाही. मी त्यांच्या भातावर आमची चटणी घातली, त्यांनी माझ्या भातावर त्यांचं कूट, लसणीने त्यांच्या डोळ्यात पाणी आलं आणि तरी त्यांनी हात पुढे करून आणखी मागितली. निन्ह बिन्हला उतरलो तेव्हा खिडकीतून हात हलवत होत्या. मी आईला व्हिडिओ कॉल करून पहिलं हेच सांगितलं.

बसशी तुलना केल्याशिवाय राहवत नाही. निन्ह बिन्हहून डोंग होईला, म्हणजे फोंग न्याच्या गुहा बघायला जायचं होतं, आणि तिकडे आम्ही पैसे वाचवायला रात्रीची स्लीपर बस घेतली. कंपनीचं नाव घेत नाही. बसमध्ये चढतानाच बूट काढून प्लास्टिकच्या पिशवीत द्यायचे (ही पद्धत मला आवडली), आत तीन रांगा, दोन मजले, प्रत्येकाला एकेकटी तिरकी खुर्ची आणि पाय पुढच्याच्या पाठीखालच्या खोक्यात. नवरा खालच्या रांगेत खिडकीपाशी, मी मधल्या रांगेत वर, मला उलटीची भावना होतेय हे मी त्याला सांगणार कशी, मेसेज केला तर तो झोपलेला. पहाटे साडेतीनला कंडक्टरने हलवून उठवलं आणि हायवेवर एका पेट्रोल पंपाजवळ उतरवलं, गाव तिथून कित्येक किलोमीटर, वर बारीक पाऊस, बॅगा काढल्या तर माझ्या बॅगेची खालची बाजू पूर्ण भिजलेली. तिकीट घेताना बसस्टँडपर्यंत सोडू असं सांगितलं होतं. दीड तास आम्ही त्या पंपाच्या छपराखाली उभे होतो आणि त्या दीड तासात आम्ही दोघांनी एकमेकांना जे बोलू नये ते बोलून घेतलं, बस कोणी सुचवली इथपासून नोकरी सोडून हे सगळं कशाला केलं इथपर्यंत.

पुढचा दीड दिवस अबोला. गुहा बघितल्या त्या पण दोघांनी वेगवेगळे फोटो काढत. मग डोंग होई ते ह्युए असा साडेतीन तासांचा रेल्वेचा टप्पा आला, तिकिटं आधीच काढलेली होती, समोरासमोर बसलो आणि बाहेर सगळीकडे भाताची खाचरं, खाचरातच मधे मधे रंगीत थडगी, त्यांच्याकडे शेतात पुरायची पद्धत आहे. हा बराच वेळ बघत होता आणि मग आपणहून बोलायला लागला, त्याच्या वडिलांबद्दल, त्यांच्या शेवटच्या आजारपणात रजा मिळाली नव्हती त्याबद्दल. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, मी हे कधी ऐकलं नव्हतं. मला माहितीये हे रेल्वेच्या रिव्ह्यूत लिहायची गोष्ट नाही, पण मी खरंच सांगते की पाच महिने चोवीस तास एकत्र राहताना दोन माणसांना समोरासमोर बसून गप्प राहता येईल आणि बोलता पण येईल अशी जागा लागते, बसमध्ये ती नसते, विमानात दोघंही पुढच्या सीटच्या पाठीकडे बघत असतात, हॉटेलच्या खोलीत मोबाइल असतो. ती जागा आम्हाला या गाडीत मिळाली.

ह्युए ते दा नांग हा टप्पा तर कोणीही चुकवू नये, तुम्ही आठ दिवसांच्या टूरवर असाल तरी. फक्त १०३ किलोमीटर, अडीच-तीन तास, यात लांग को सोडल्यावर गाडी हाय वान घाटात शिरते. बसवाल्यांना २००५ पासून सहा किलोमीटरचा बोगदा झालाय, त्यामुळे बसने गेलात तर तुम्हाला यातलं काहीही दिसत नाही. गाडी मात्र डोंगराच्या कडेकडेने, खाली थेट समुद्र, झाडीतून मधेच पांढरी वाळू दिसते आणि वळणावर आपलं इंजिन आपल्यालाच पुढे दिसतं. मला धुळघाट आठवला, आमच्या लाइनवर मेळघाटात चारच्या आकड्यासारखा वळसा होता, गाडी गोल फिरून स्वतःच्याच रुळांच्या वरून जायची आणि आम्ही पोरं खिडकीला नाक लावून ओरडायचो. कोकण रेल्वेने आपण इतके वेळा जातो पण समुद्र तसा क्वचितच दिसतो, इथे तो पाऊण तास तुमच्या सोबत असतो. २०२४ पासून या टप्प्यावर वेगळी हेरिटेज गाडी पण चालू झालीये, आम्ही साधी एसईच घेतली आणि कुठेही कमी पडलं नाही.

होई आनला स्टेशन नाही हे लक्षात ठेवा, दा नांगला उतरून तीसेक किलोमीटर रस्त्याने जायचं. आम्ही तिथे चार दिवसांसाठी गेलो आणि सोळा दिवस राहिलो कारण तेत आला. तेत म्हणजे त्यांचं नवं वर्ष, जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत येतं, आणि तेव्हा अख्खा देश गावाला जातो. गणपतीत कोकणची तिकिटं जशी उघडल्या उघडल्या संपतात अगदी तस्सं. त्यामुळे तुमच्या तारखा त्या सुमारास येत असतील तर तिकीट महिना-दीड महिना आधी बघा नाहीतर एका जागी मुक्काम करायची तयारी ठेवा, आम्हाला तो मुक्काम मानवला. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मधल्या भागात पूर येतात, तेव्हा लाइन बंद पडू शकते, तो काळ टाळलेला बरा.

दा लात या डोंगरावरच्या गावाला मुख्य लाइन जात नाही. पूर्वी दातेरी रुळांची लाइन वरपर्यंत होती, ती बंद पडली, आता फक्त सातेक किलोमीटरची टुरिस्ट गाडी आहे, स्टेशनची इमारत मात्र बघण्यासारखी. न्हा ट्रांगहून आम्ही तिथे दिवसाच्या बसने गेलो आणि चार तासांचा तो प्रवास छान झाला. म्हणजे माझा राग बसवर सरसकट नाही, रात्रीच्या बसवर आहे.

सायगॉनहून लाओसला विमान. काउंटरवर माझी बॅग आठ किलो तीनशे ग्रॅम भरली, लिमिट सात, तिथेच बाजूला बसून जॅकेट अंगात, चार्जर खिशात, चटणीची बाटली नवऱ्याच्या बॅगेत. लाओसची नवी रेल्वे २०२१ च्या डिसेंबरात चालू झाली, लुआंग प्राबांग ते व्हिएंतियान दोन तासांच्या आत, स्वच्छ, वेळेवर, पण बोगदेच बोगदे आणि स्टेशनं गावाच्या बाहेर, बॅगेत सुरी-कात्री असेल तर तपासणीत काढून घेतात. सोय म्हणून उत्तम. व्हिएंतियानहून बँकॉकची थेट रात्रीची गाडी २०२४ पासून आहे, मधे नोंग खाय या थायलंडच्या सीमेवरच्या स्टेशनवर सामान घेऊन उतरायचं, पासपोर्टवर शिक्का घ्यायचा आणि परत चढायचं, तीही जोडीने जायला चांगली.

आता कामाचं. व्हिसा आम्ही ऑनलाइन काढला, ९० दिवसांचा, एकदाच प्रवेशाचा २५ डॉलरला. तिकिटं रेल्वेच्या स्वतःच्या साइटवर किंवा सरळ स्टेशनवर, पासपोर्ट नंबर लागतो आणि प्रवासात पासपोर्ट हाताशी ठेवायचा. एक रुपया म्हणजे साधारण तीनशे डाँग, शून्यं बघून घाबरू नका. स्वतःची एक पातळ सुती चादर न्या, दोरी न्या, कानात घालायला बोळे न्या. स्टार द्यायचे तर माझे पाचपैकी पाच, ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांच्यासाठी. दहाच दिवस असतील तर हनोई-दा नांग विमान करा आणि फक्त ह्युए-दा नांग रेल्वेने करा.

आणि ह्युएहून निघत असाल तर सीट डाव्या बाजूची मागा, समुद्र तिकडे आहे, दा नांगहून वर येत असाल तर उजवी.